वीज न वाचवता हरित कसे व्हावे

डेटा सेंटर हरित करायचे ठरवलेत? उत्तम. फक्त विजेला हात लावू नका. त्यात कष्ट आहेत. त्यापेक्षा सोयीचा आकडा धरा.

पहिला मान पीयूईचा, म्हणजे वीज-कार्यक्षमतेच्या आकड्याचा; जितका कमी, तितका चांगला. इमारतीची एकूण वीज भागिले सर्व्हर-यंत्रणेची वीज, बस्स. समजा, सर्व्हर १००० किलोवॉट खातात आणि चिलर (थंडावा देणारी यंत्रे), यूपीएस (वीज गेल्यावर तगवणारी बॅटरी-यंत्रणा), दिवे मिळून ५००. पीयूई झाला १.५. आता सर्व्हरच्या हॉलचे तापमान चांगले चढू द्या. ५०० चे ४५० होतील. सर्व्हरच्या पोटातले छोटे पंखे मात्र जीव खाऊन फिरू लागतील, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की वीज साधारण आठपट लागते. पण घाबरू नका! पंखे सर्व्हरच्या आत, म्हणून त्यांची वीज सर्व्हरच्याच खात्यात. तिथे झाले ११००, एकूण १५५०, पीयूई १.४१. पन्नास किलोवॉट जास्त जाळून कार्यक्षमता सुधारली. प्रेस नोट काढा.

एखादा उत्साही इंजिनिअर म्हणेल, रिकामे सर्व्हर बंद करू. काम नसतानाही बरेच सर्व्हर कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास ओढत बसतात, हे त्याचे खरे. तरी त्याला आवरा. सर्व्हर मूळ १००० वरून ७०० वर येतील, पण अर्धवट भारावर चिलर आणि यूपीएसची कार्यक्षमता ढासळते. ते ४५० वर अडले तर एकूण ११५० आणि पीयूई १.६४. साडेतीनशे किलोवॉट वाचवून अब्रू घालवायची?

वीज कोळशाची असेल तर नवीकरणीय ऊर्जेची प्रमाणपत्रे घ्या, म्हणजे दुसरीकडे बनलेल्या हरित विजेचे श्रेय विकत घ्या. हिशेब वर्षाचा ठेवा, तासाचा नको. म्हणजे दुपारचे ऊन मध्यरात्रीच्या कामाला वळते करता येते. स्कोप २ चे, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागच्या उत्सर्जनाचे, दोन आकडे निघतात: एक स्थानिक ग्रिडचा, दुसरा प्रमाणपत्रे धरून. दुसरा मुखपृष्ठावर, पहिला परिशिष्टात, बारीक टायपात.

एवढ्यानेही भागले नाही तर सर्व्हर विकून क्लाउडवर जा. तीच वीज स्कोप २ मधून उठून स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांसारख्या इतरांकडच्या उत्सर्जनात, जाऊन बसते. तिथला अंदाज पुष्कळदा बिलाच्या रकमेवरून बांधतात, त्यामुळे घासाघीस करून दर पाडलात की उत्सर्जनही पडते. खरेदी विभागाला पर्यावरण पुरस्कार द्यायला हरकत नाही.

कोणीतरी आगाऊ माणूस वर्षाची एकूण युनिटे विचारेलच. ती व्यावसायिक गोपनीयतेत मोडतात.