तर्री, काढा आणि कोलेस्टेरॉलचा ‘घोटाळा’

आमच्या ले-आउटच्या ग्रुपवर तो मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. सार असं: कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा घोटाळा, २०१५ साली अमेरिकेनं तो कबूल केला, गोळ्या फेका, लसूण-आलं-लिंबाचा रस आणि सफरचंदाचा व्हिनेगर आटवून मध घालून प्या, ब्लॉकेज विरघळतं. खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग. मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून मुद्दा-मुद्दा घेतो.

‘अमेरिकेनं कबूल केलं.’ अर्धंच सांगितलंय. २०१५-२० च्या त्यांच्या आहार-मार्गदर्शिकेतून कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा निघाली, हे खरं. पण त्याच कागदात कोलेस्टेरॉल होता होईल तेवढं कमी खा आणि संपृक्त चरबी एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, असंही लिहिलंय. बहुतेकांच्या रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, डालडा, पाम तेल यांनी जास्त वाढतं. मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलची काढली. रक्तातल्या एलडीएलला कोणी सोडून दिलेलं नाही.

‘शरीर स्वतःच बनवतं, मग वाईट कसं?’ यकृत साखरही बनवतं. म्हणून डायबेटीस खोटा का?

‘आपले आजे सावजी खायचे, काही झालं नाही.’ हा मुद्दा मला आवडतो, कारण नागपूरचं ते झणझणीत सावजी जेवण मीही खातो. पण जुनं सावजी जवसाच्या तेलातलं, आणि खाणारे कोष्टी दिवसभर मागावर पाय मारणारे. जवसात संपृक्त चरबी दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पाम तेलात जवळपास निम्मी. तर्रीवर, म्हणजे तिखट रश्श्यावर, तरंगणाऱ्या लाल तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. ते कुठल्याही वनस्पती तेलात असलंच तर नावापुरतं. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापणं म्हणजे संत्र्यावर ‘हाडं नाहीत’ लिहिण्यासारखं. विचारायचं ते हे, की तेल कुठलं आणि किती.

‘बारीक माणसाला होत नाही, झालं तर जाणवतं.’ इथे जरा थांबतो. रक्ताची ट्यूब मशीनमध्ये फिरवली की वर सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, येतं. रविवारच्या पार्टीनंतर सोमवारी सकाळी एखादं सीरम दुधासारखं पांढरं निघतं. ते ट्रायग्लिसराइड, रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी. एलडीएलचे कण इतके बारीक, की एलडीएल २०० असलं तरी सीरम छान पिवळसर, पारदर्शक दिसतं. आम्हाला ट्यूब हातात घेऊन दिसत नाही, ते तुम्हाला छातीत काय जाणवणार? अंबाझरी तलावाला रोज पळणाऱ्या सडपातळ पोरांचेही असे रिपोर्ट येतात. काहींच्या यकृतात एलडीएल उचलणारे रिसेप्टरच जन्मतः कमी असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

‘काढ्यानं ब्लॉकेज विरघळतं.’ ब्लॉकेज म्हणजे मोरीत अडकलेला गाळ नव्हे, की वरून काही ओतलं आणि मोकळं झालं. ते धमनीच्या भिंतीच्या आत साचतं. लसणानं आकडा झालाच तर थोडा हलतो. भाजीत घाला, खुशाल.

‘सगळा कंपन्यांचा पैसा.’ संशय घ्यायला हरकत नाही. १९९४ च्या ज्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे, मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, तिच्यामागे औषध कंपनी होतीच. मग गोळी बाजूला ठेवा. एका जनुकातल्या बदलामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासूनच सरासरी २८ टक्के कमी होतं. त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला, असं २००६ साली प्रसिद्ध झालं. जन्मतः मिळालेलं जनुक कुठल्या कंपनीनं विकलं? आणि अटोर्व्हास्टॅटिन या स्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्येच संपलंय; साधी गोळी आज तर्रीपोह्याच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडते, काढ्याची बाटली नाही. काहींना गोळीनं अंग दुखतं, तेही खरं. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात.

मेसेजमधली शेवटची ओळ सगळ्यात घातक: ‘रिपोर्ट नॉर्मल आला की बंद करा.’ रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल असतो. शिवाय छापलेली रेंज धडधाकट माणसाची. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यासाठी भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये एलडीएल ५५ च्या खाली ठेवायला सांगितलंय.

आमच्या गल्लीतल्या काकांना स्टेंट आहे. गोळीवर त्यांचं ५२ होतं. तीन महिने काढा पिऊन आले, १४८ निघालं.

“मशीन बिघडली असन बाप्पा तुमची,” काका म्हणाले. “पुन्हा लावून पाय.”

त्याच ट्यूबमधून पुन्हा लावलं. १४६ आलं.