हॉस्पिटलात हजर राहून गैरहजर कसं व्हावं

तर मंडळी, अपॉइंटमेंट चुकवायची म्हणजे उशिरा उठायचं नाहीतर लोकल सोडायची असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही अजून या लाईनीत नवीन आहात. ते कोणालाही जमतं. खरी कसरत म्हणजे आदल्या रात्रीपासून पेशंटला उपाशी ठेवून, पहाटे बदलापूरहून लोकल धरून, सातच्या आत हॉस्पिटलच्या आवारात पोचून, दुपारपर्यंत त्याच बिल्डिंगमध्ये फिरून शेवटी रजिस्टरमध्ये "पेशंट आला नाही" असा शेरा मिळवणं. मी आणि आईने मागच्या महिन्यात हे करून दाखवलंय, म्हणून अनुभवाने सांगतोय. हॉस्पिटलचं नाव घेत नाही कारण आम्हाला परत तिथेच जायचंय.

सुरुवात तारखेपासून. तारीख मिळाली की तोंड वाकडं करू नका. आईचं आधी मणक्याचं एक ऑपरेशन झालेलं, आता परत दुखायला लागलं, म्हणून ओपीडीतल्या डॉक्टरने (पोरगंच ते, रेसिडेंट, डोळे असे सुजलेले की त्यालाच ॲडमिट करावंसं वाटलं) कॉन्ट्रास्टवाला एमआरआय लिहून दिला आणि खिडकीवर अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. मी तिथेच भडकलो. भडकायचं नसतं, हिशोब करायचा असतो. एका पेशंटला अर्धा ते पाऊण तास जातो, म्हणजे मशीन चोवीस तास न थांबता चालवलं तरी दिवसाला ३२ ते ४८ माणसं, आणि न थांबता चालतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुपारी दीड वाजता त्या खिडकीवर जाऊन बघावं. त्यात ॲक्सिडेंटवाले, वॉर्डातले सिरीयस पेशंट मधे घुसणार, आणि घुसायलाच पाहिजेत. तेव्हा गर्दी खरी आहे, माझं गर्दीशी भांडण नाही. कागदाशी आहे.

आता नीट ऐका, इथून पुढे सगळं शास्त्र आहे. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून आधी रक्त तपासून क्रिएटिनिन बघतात, किडनी बरी आहे ना म्हणून. यात चूक काहीच नाही, केलंच पाहिजे. गंमत पुढे आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय खिडकीवाला तारीख देत नाही आणि तारखेच्या दिवशी रिपोर्ट महिन्याच्या आतला लागतो. तारीख मिळते अडीच महिन्यांनंतरची. म्हणजे ज्या रिपोर्टवर तारीख मिळाली तो रिपोर्ट तारखेला चालत नाही, असं त्या खिडकीबाहेर कुठेही लिहिलेलं नाही आणि आतला माणूस तारीख देताना ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही परत रक्त तपासून याल आणि एमआरआय होऊन जाईल की हो, मग गैरहजर कसे होणार? तेव्हा नवशिक्यांना माझा सल्ला, जुना रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, लॅमिनेट केलात तर उत्तमच.

त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही केस पेपरच्या लाईनीत, आमच्या पुढे पन्नासेक माणसं, त्यातली अर्धी रात्री बाहेर फूटपाथवर झोपलेली. एमआरआयची वेळ साडेनऊ. तुम्ही म्हणाल, तारीख हातात असताना केस पेपर परत कशाला? हाच प्रश्न मी विचारला आणि मागच्या काकांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं ना. जुन्या पेपरची मुदत संपलेली असते, अडीच महिन्यांत ती संपणारच, तो रिन्यू केल्याशिवाय पुढच्या खिडकीवर एन्ट्री होत नाही.

आता इथे तुम्हाला कोणीतरी उत्साही माणूस सांगेल की अहो भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, आभाचा (म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचा) नंबर टाका, लाईन लागत नाही. २०२२ पासून आलंय हे देशभर, स्कॅन अँड शेअर म्हणतात, आयडिया चांगलीच आहे. मी आईचा १४ आकडी आभा नंबर घरूनच काढून आणला होता, मोठ्या ऐटीत स्कॅन केलं, टोकन आलं, आणि टोकन दाखवायची लाईन कुठली विचारलं तर वॉचमनने जिथून मी आत्ता बाहेर पडलो होतो तीच लाईन दाखवली. माझी जागा अर्थात गेली होती. काकांनी परत आत घेतलं म्हणून, नाहीतर डिजिटल झाल्याबद्दल पन्नास माणसं मागे गेलो असतो.

आई तोपर्यंत बाकावर बसली होती आणि तिचं वेगळंच चाललं होतं. एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र ती घरीच देव्हाऱ्यात ठेवून आली होती पण जोडवी घालूनच निघाली, तिथे गेल्यावर काढीन म्हणाली, बाबा घरात असताना बिनजोडव्याची उंबरा ओलांडणार नाही. ३८ वर्षांत काढली नव्हती, आता निघेनात. झाडूवाल्या मावशींनी कुठूनतरी हँडवॉश आणून दिला, दोघींनी मिळून ओढून काढली, बोटं लालभडक. आईने रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस हं. अख्ख्या दिवसात त्या बिल्डिंगमध्ये न मागता मिळालेली एकच गोष्ट, तो हँडवॉश.

पावणेनऊला केस पेपर हातात. बघा, अजून पाऊण तास होता, म्हणजे वेळेवर पोचायचा धोका अजून टळलेला नव्हता. पण घाबरू नका, पुढे पैशांची खिडकी आहे. आमचा केशरी कार्डवाला कारभार, फी माफ नाही तरी कमी होईल म्हणून अर्ज केलेला, त्यावर समाजसेवा विभागाची सही झालेली होती, पण त्या खिडकीवर कळलं की सहीखाली शिक्का नाही. शिक्का चौथ्या मजल्यावर. एमआरआय तळघरात. लिफ्ट फक्त पेशंटसाठी, लिफ्टमन पेशंट असल्याचा पुरावा म्हणून केस पेपर मागतो, आणि केस पेपर पैशांच्या खिडकीने जमा करून घेतलाय. हे असं सुचायला सुद्धा डोकं लागतं राव. आईला पैशांच्या खिडकीजवळ बाकावर बसवलं आणि मी जिन्याने चार मजले गेलो तर शिक्केवाल्या मॅडम यायच्या होत्या. आल्या. मग म्हणाल्या, रेशनकार्डावर पेशंटच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही, दोन्ही एकच व्यक्ती आहे कशावरून?

इथे बरेच जण चूक करतात. ते म्हणतात, मॅडम खाली बसलीये ती, येऊन बघा. असं कधी म्हणू नका. पेशंट स्वतः हा पुरावा धरत नाहीत. पुरावा म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्सचं दुकान गेटच्या बाहेर, तिथे परत लाईन, आणि दुकानवाला न विचारता म्हणतो, 'बाई'चा प्रॉब्लेम ना? स्टॅम्पपेपरवर करू का साध्या कागदावर? त्याला सगळं पाठ. मला मनापासून वाटतं की ओपीडीत त्याला बसवला तर निम्मी गर्दी कमी होईल.

जाता जाता आरोग्यमित्रांकडेही (सरकारी योजनेची माहिती द्यायला हॉस्पिटलात बसलेला माणूस) डोकावलो, म्हटलं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतंय का बघू. या योजनेचं तुम्हाला माहीत असेलच, २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, मग राज्यभर, २०१७ मध्ये नाव बदललं, मग केंद्राच्या आयुष्मानशी जोडली आणि २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही कार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कागदावर खरंच चांगली आहे, आमच्या शेजाऱ्यांची अँजिओप्लास्टी त्यातूनच झाली, एक रुपया लागला नाही, खोटं कशाला बोलू. आरोग्यमित्र सुद्धा सज्जन माणूस, म्हणाला दादा, ॲडमिट असतील तर बसेल, ओपीडीतला नुसता एमआरआय बसत नाही. मी म्हटलं मग ॲडमिट करा. तो म्हणाला, ॲडमिट करायला एमआरआयचा रिपोर्ट लागेल. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनाही हसू आलं. एवढं मोकळं मी त्या आठवड्यात हसलो नव्हतो.

शिक्का मिळाला दहा पाचला. पैसे भरले, पावती घेतली, आईला हाताला धरून तळघरात. खिडकीवाल्याने फाईल चाळली आणि अर्थातच, क्रिएटिनिन जुनं आहे. बाजूच्या बिल्डिंगमध्ये सॅम्पल दहापर्यंत घेतात. आम्ही सव्वादहाला. तिथल्या सिस्टरने आईचा चेहरा बघून घेतलं सॅम्पल, नियम मोडून, देव तिचं भलं करो, पण रिपोर्ट दीडला मिळाला कारण मधे सर्व्हर डाऊन होता. सर्व्हर डाऊन असताना काय करायचं असतं ते पण शिकून घ्या. काउंटरवाल्याकडे बघायचं नाही, त्याला राग येतो. छताकडे बघायचं. सगळेच छताकडे बघत असतात, पावसाची वाट बघितल्यासारखं.

दीड वाजता नवा कोरा रिपोर्ट घेऊन पळत तळघरात गेलो तर खिडकीवर "जेवणाची वेळ" अशी पाटी. सव्वादोनला पाटी निघाली. आणि मग त्या माणसाने रजिस्टर फिरवून आम्हाला दाखवलं. आईचं नाव, वेळ ९:३०, पुढे लाल पेनाने, पेशंट आला नाही.

मी म्हटलं अहो आम्ही सातपासून इथेच आहोत, ही पावती, ही बघा शिक्क्यावरची वेळ, तुम्हीच सकाळी रक्ताला पाठवलंत. तो म्हणाला, मी नाही, सकाळची शिफ्ट वेगळी. साडेनऊला नाव पुकारलं होतं, तीनदा. साडेनऊला मी चौथ्या मजल्यावर आईच आई आहे हे सिद्ध करत होतो आणि आई वर पैशांच्या खिडकीपाशी, म्हणजे साधारण त्या एमआरआय मशीनच्या डोक्यावर बसली होती. तळघरातला आवाज काही वर येत नाही. मी विचारलं, शेरा तरी बदला, 'पेशंट हजर, कागद गैरहजर' असं लिहा. तसा कॉलम नाही म्हणाला. आणि खरंच नव्हता, मी वाकून बघितलं. आला किंवा आला नाही, दोनच. वरून कोणी हिशोब मागितला की किती पेशंट तारखा घेऊन येत नाहीत, तर त्यात आमचा पण एक आकडा जाणार, आणि कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणणार की लोकांनाच गांभीर्य नाही.

तक्रार करायची असेल तर जरूर करा, वेळ मजेत जातो. पेटी आहे, तिला कुलूप आहे, किल्लीबद्दल मतभेद आहेत. माहितीचा अधिकार टाका, त्याला उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि तुमची पुढची तारीख त्याच्या कितीतरी नंतर असणार, म्हणजे घाई नाही. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यायची सोय कायद्यात आहे बरं का, पण मग जीविताचा प्रश्न आहे हे कागदावर दाखवावं लागेल आणि ते ज्यात दिसेल तो एमआरआय अजून व्हायचाय.

आणि हो, हे वाचून जे प्रायव्हेटवाले, मेडिक्लेमवाले गालात हसतायत त्यांनी फार हसू नये. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने सांगून ठेवलंय की कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्या. माझा मित्र सासऱ्यांना डिस्चार्ज मिळाला म्हणून सकाळी दहाला घ्यायला गेला आणि रात्री साडेनऊला घरी आला, कारण टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) दर दोन तासांनी एक नवीन क्वेरी काढली, शेवटची क्वेरी होती की पेशंट अजून हॉस्पिटलमध्ये का आहे. फरक एवढाच की त्यांना एसीत बसायला मिळालं.

तर आम्हाला पुढची तारीख मिळाली. दोन महिने आणि अकरा दिवस. यावेळी मी स्वतःहून विचारलं, क्रिएटिनिन कधी करून आणू? त्या माणसाने पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं, म्हणाला, शिकलात की. मी जरा खूश झालो हो, लपवत कशाला.

स्टेशनबाहेर आईला वडापाव दिला, रात्री आठपासून पोटात काही नव्हतं तिच्या. गाडीत बसायला जागा मिळाली, दुपारची वेळ होती. ठाणे गेलं तशी मला आठवण झाली, म्हटलं आई, जोडवी घाल ना आता, घरी बाबा बघतील. तिने पर्स उघडली, रुमालाची गाठ चाचपली, परत चेन लावून टाकली. म्हणाली, राहू दे, परत तेवढ्यासाठी हँडवॉश कुणाकडे मागायचा.