चारित्र्याचं काय घेऊन बसलात?

"माणूस कसाही असू दे हो, कामं करतो ना?" हे वाक्य गेल्या पंधरा दिवसांत चौथ्यांदा कानावर पडलं आणि खात्री पटली की आपला मतदार आता पूर्ण सुज्ञ झालाय. त्याला उपदेश नको, प्रोत्साहन हवं. तेव्हा येत्या निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याचा आपल्याला काडीचाही त्रास होऊ नये, यासाठी काही सूचना. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पहिली सूचना, शपथपत्र उघडू नका. लोकसभा-विधानसभेचा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत आपल्यावरचे खटले, मालमत्ता आणि शिक्षण सांगणारं ते पत्र नमुना २६ मध्ये देतो आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतं. राज्य, मतदारसंघ, नाव निवडलं की झालं. ही माहिती तुम्हाला मिळावी म्हणून काही लोक न्यायालयात भांडले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, संसदेने लगेच कायद्यात कलम घालून तो बोथट केला, २००३ मध्ये न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. एवढी खटपट इतरांनी केलेली असताना आपण पुन्हा दहा मिनिटं कशाला घालवायची?

चुकून उघडलंच, तर गुन्ह्यांचा फक्त आकडा बघा आणि "राजकीय गुन्हे आहेत सगळे" असं म्हणून बंद करा. कलमं वाचलीत तर पंचाईत होते. जुन्या भारतीय दंड संहितेत १४३, १८८, ३४१ म्हणजे बेकायदा जमाव, आदेशभंग, वाट अडवणं. मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर ही असायचीच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ४२० म्हणजे फसवणूक, ३८४ म्हणजे खंडणी, ३५४ म्हणजे विनयभंग, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. पाणीटंचाईच्या मोर्चात कुणी खंडणी मागत नाही हे तुम्हालाही कळतं, म्हणून तर वाचायचं नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे नवे क्रमांक आहेत. फसवणूक ३१८, खंडणी ३०८, विनयभंग ७४, खुनाचा प्रयत्न १०९. 'चारसोबीस' कुठे दिसलं नाही की माणूस स्वच्छ समजावा. आणि दोषारोप निश्चित झाले का, असा एक रकाना असतो तिथे. म्हणजे न्यायाधीशाने कागद बघून खटला चालवण्याजोगं काहीतरी आहे असं ठरवलंय का. त्यावर अंगठा ठेवून पुढे सरका.

मालमत्तेची पानं बघून "बापरे, एवढे कोटी!" म्हणा आणि सोडून द्या. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून ताडून पाहणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. त्यातही रुपये बघू नयेत, कारण जमिनीचा भाव आपोआपही वाढतो. नवे गट नंबर किती आले, खरेदीची तारीख काय, खरेदीची किंमत किती, आणि त्याच पाच वर्षांत प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नात ती बसते का, हे बघितलं तर झोप उडेल. नाही बघितलं तरी फार बिघडत नाही म्हणा, कारण अर्जात मालमत्ता सांगायची ती स्वतःची, जोडीदाराची, एकत्र कुटुंबाची आणि अवलंबितांची. कमावता मुलगा, भाऊ, मेहुणा यांचा त्यात रकानाच नाही. मेहुणे एवढे कर्तबगार का निघतात, हे कोडं तिथेच सुटतं.

शपथपत्र खोटं असलं तर? काळजी नको. निवडणूक निर्णय अधिकारी त्यातली विधानं खरी आहेत का याची चौकशी करत बसत नाही. रकाने रिकामे सोडले तर अर्ज जाऊ शकतो, खोटं भरलं तर सहसा जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. आणि कलम ८(३) प्रमाणे अपात्र ठरायला शिक्षा किमान दोन वर्षांची लागते. म्हणजे शपथेवर खोटं बोलल्याबद्दल या कलमाखाली शिक्षा झाली तरी तेवढ्याने खुर्ची जात नाही! ही शिक्षा वाढवा म्हणून विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात सांगितलं. अहवाल छान आहे, कपाटात शोभतो.

गुन्हे नोंदलेल्या उमेदवाराला ते स्वतःच जाहीर करावे लागतात, त्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात त्या दिवशी थेट क्रीडापान उघडावं. माघारीनंतर पहिल्या चार दिवसांत एक, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसरी, मग प्रचार संपेपर्यंत तिसरी.

आणि असा उमेदवार निवडला की पक्षाने 'हाच माणूस का, स्वच्छ माणूस का नाही' याचं कारण ४८ तासांत जाहीर करायचं असतं, ते तर हसण्यासाठीच वाचावं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालणार नाही. तेव्हापासून कारण असतं 'जनसेवेची तळमळ'. बिहारच्या निवडणुकीत हे आदेश धड न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये काही पक्षांना एकेक लाख आणि दोघांना पाच-पाच लाख दंड झाला. एका सभेच्या मांडवाचा खर्च!

चारित्र्य म्हणजे बाई आणि बाटली, एवढीच व्याख्या धरा. सोयीची आहे. बाई उमेदवार असेल तर तिचे कपडे, तिचा घटस्फोट, तिचं हसणं सगळं तपासता येतं, आणि पुरुष असेल तर "ते त्याचं खाजगी आहे" म्हणता येतं. सावकारी, दिलेला शब्द मोडणं, हाताखालच्याला मारणं, ठेवीदारांचे पैसे बुडवणं यांचा चारित्र्याशी संबंध नाही.

'पूर्वीपासून सगळे असेच' हेही पाठ करून ठेवा. फक्त समोरच्याला १९५१ आठवत नाही ना, याची खात्री करा. सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची कामं पुढे रेटल्याचा ठपका खासदार मुद्गल यांच्यावर आला, तेव्हा ते सत्ताधारी पक्षाचे होते. चौकशीचा आणि मग त्यांना काढण्याचा प्रस्ताव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला.

राहिलं "गुन्हा सिद्ध कुठे झालाय?" हे तर ब्रह्मास्त्र. तुरुंगात टाकायला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, बरोबर. मत नाकारायला? साधं शिपायाच्या सरकारी नोकरीत लागायचं तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तुम्ही भाडेकरू ठेवता तर पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता, पोरीच्या स्थळाची तीन गावांत चौकशी करता. तेव्हा कुणाच्या निकालाची वाट बघत नाही. आणि जो माणूस तुमच्या शहरातल्या भूखंडांवरची आरक्षणं उठवणार, बदल्यांच्या याद्या पुढे सरकवणार, वर्षाला पाच कोटींच्या खासदार निधीतून कुठली गल्ली उजळायची ते सुचवणार, त्याच्याबाबत तुम्ही एकदम घटनापंडित होता! यातल्या बऱ्याच गोष्टी नियमात बसवूनच होतात. फाईलवर दोन्ही बाजूंनी शेरा लिहिता येतो, दोन्ही शेरे कायदेशीर असतात. कुठला लिहायचा हे त्या माणसाच्या आत काय आहे त्यावर ठरतं, आणि ते तपासायला ना लेखापरीक्षक येतो ना न्यायालय.

पुरे झालं हे. "कामं करतो" म्हणता ना, कुठली कामं सांगा. तुमच्या मुलाचा प्रवेश, तुमच्या मेहुण्याची बदली, तुमच्या वाढीव बांधकामाकडे कानाडोळा. रांगेतल्या दुसऱ्याचा हक्क काढून तुम्हाला दिला, त्याला तुम्ही काम म्हणता. त्याचं चारित्र्य तुम्हाला खुपत नाही कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. तसं सरळ कबूल करा, लोकशाहीच्या गप्पा मारू नका. तुमच्यापेक्षा जास्त उपयोगाचा कुणी त्याला भेटला, की त्याच पेनाने तुमच्या घरावरून रस्ता आखला जाईल. तेव्हा "राजकारणी सगळे चोर" असं ओरडत आलात तर कुणी ऐकून घेणार नाही. गट नंबरापासून कलमापर्यंत सगळं त्याने सही करून तुम्हाला आधीच सांगितलं होतं, तुम्ही ते पान उघडलं नाहीत.