परत मधूनच?

शनिवारी रात्री अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच बघून स्टेडियमच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी एक शब्द बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर मुलीसमोर नको ते बाहेर पडलं असतं. आता ती झोपलीय आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय. टीमचं नाव घेत नाही. ज्यांच्या ज्यांच्या टीमचं हेच चाललंय त्यांनी आपलंच समजून वाचा.

मुलगी ११ वर्षांची आहे. पहिल्या क्वार्टरमध्येच तिसऱ्यांदा फर्स्ट डाउन (चार संधींतली पहिली) आला, टीम लाइनवर उभी राहिली, आणि बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे खेळात यायच्या, आत ती मला म्हणाली, "आई, परत मधूनच?" परत मधूनच. रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात बॉल, सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्याच्या) पाठीमागे दोन पावलं, समोर आठ जणांची भिंत, दोन यार्ड. आमच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ बसतात, गेली चाळीस वर्षं तीच सीट. ते तर हल्ली बोलतही नाहीत, स्नॅपच्या आधी नुसता हात पुढे करून मधली जागा दाखवतात. अकरा वर्षांच्या पोरीला कळतं, ऐंशीच्या म्हाताऱ्याला कळतं, आणि समोरचा लाइनबॅकर (बचावातल्या भिंतीमागचा खेळाडू), ज्याने आठवडाभर आमच्या मॅचेसचे व्हिडिओ उलटेपालटे करून पाहिलेत, त्याला कळणार नाही?

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोनच वाक्यं. १० यार्ड पुढे जायला ४ संधी मिळतात, म्हणजे ४ डाउन. पहिल्या डाउनवर दोनच यार्ड मिळाले की पुढच्या डाउनवर आठ हवे असतात, आणि मग तुम्ही पास टाकणार, म्हणजे बॉल पुढे फेकणार, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. म्हणजे आमचे कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्ले सांगणारे कोच) पहिल्या डाउनवर रन, म्हणजे बॉल घेऊन पळायला, सांगून स्वतःचे हात बांधून घेतात, आणि दुसऱ्या डाउनवर समोरच्याला सांगून पास टाकतात.

आणि मॅचनंतर हेड कोच माईकसमोर येऊन काय म्हणाले? आकडे बघा, ३४ रन, ३३ पास, याहून जास्त समतोल काय असतो!

अहो, डोळ्यांत धूळ फेकता? मी प्रत्येक मॅचला वही घेऊन बसते. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (पास टाकणारा) सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आत पाडला गेला, तर तो रनमध्ये धरतात, गेलेले यार्डसुद्धा रनमधूनच वजा होतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, तसं नाही, तिथे ते पासिंगच्या खात्यातून जातात. शनिवारी आमचा पोरगा ५ वेळा सॅक झाला. आणखी ४ वेळा पास टाकायला मागे गेला, कोणी मोकळं दिसलं नाही म्हणून जीव मुठीत धरून पळाला. तेही रन. म्हणजे ३४ मधले ९ रन हे मुळात पास होते. खरे सांगितलेले रन २५, खरे सांगितलेले पास ४२. हा तुमचा समतोल? आणि त्या २५ पैकी १७ रन फर्स्ट डाउनवर. फर्स्ट डाउनचे एकूण प्लेच होते २४! उरलेल्या सगळ्या डाउनवर मिळून ४३ प्ले, त्यांत रन फक्त ८. कागदावर निम्मे-निम्मे, मैदानावर उघडं पुस्तक.

मला रन जास्त म्हणून राग नाही, पास जास्त म्हणूनही नाही. हे नीट सांगते, कारण काल रात्रीपासून निम्मे मित्र मला "रनच खेळवा" म्हणतायत आणि निम्मे "पास टाका" म्हणतायत, आणि दोघंही चुकतायत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगनची कॉलेज टीम पेन स्टेटला गेली आणि शेवटचे सलग ३२ प्ले रन खेळली. सलग! जिंकले २४-१५. पुढे जानेवारीत राष्ट्रीय फायनलमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ३०३ यार्ड रन करून ३४-१३ ने चॅम्पियन झाले. तिथे कोणी समतोल मोजला? उलट टोकाला कोच माइक लीच. टेक्सास टेकला आणि नंतर वॉशिंग्टन स्टेटला हा माणूस पासच टाकत राहिला. त्यांचं म्हणणं असं होतं की ५०-५० ला समतोल म्हणणं हाच मूर्खपणा आहे, संघातल्या सगळ्या जागांवरचे खेळाडू आक्रमणाला हातभार लावतात का ते बघा. आणि २०१९ ची एलएसयू (लुइझियाना स्टेट)! क्वार्टरबॅक जो बरोने ६० टचडाउन पास टाकले ते सगळ्यांना आठवतं. त्याच टीमच्या क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरने १,४१४ यार्ड रन केले ते कोणी बोलत नाही. त्याला सोडून सगळे पास अडवायला मागे सरकले की तो अंगावर यायचा, त्याला अडवायला पुढे आले की बरो डोक्यावरून टाकायचा.

समतोल तो हा. समोरच्याला स्नॅपच्या क्षणी दोन्हीची धास्ती वाटली पाहिजे.

मी सांगलीत शाळेत कबड्डी खेळले आहे. चढाईपटू दरवेळी डाव्याच कोपऱ्यावर पाय टाकतो हे एकदा कळलं की कोपऱ्यावरची पोरगी काही करत नाही, नुसती वाट बघते, आणि पाय आला की घोटा धरते. चढाईला जाणारीच्या अंगात कितीही ताकद असो. ज्या दिवशी ती डावीकडे झुकून उजवीकडे हात टाकते, त्या दिवशी सगळी साखळी हलते. आम्हाला हे आठवीत आमच्या बाईंनी शिकवलं होतं. इथे वर्षाला लाखो डॉलर घेणारा माणूस वर काचेच्या खोलीत बसून सप्टेंबरपासून डाव्याच कोपऱ्यावर पाय टाकतोय!

आता तिसऱ्या क्वार्टरमधला तो ड्राइव्ह, म्हणजे बॉल आमच्याकडे असतानाचे सलग प्ले. तो आठवला की मुठी वळतात. स्कोअर १७-१३, आम्ही चारने मागे, बॉल आमच्या २५ यार्डवर. आणि पहिल्यांदाच, दिवसभरात पहिल्यांदाच, मधून नाही! डावा गार्ड (सेंटरच्या शेजारचा अडवणारा) मागे सरकून उजवीकडे धावला, टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या खेळाडूच्या) बाहेर जाऊन त्यांच्या लाइनबॅकरला असा भिडला की आम्हाला ३२व्या रांगेत आवाज आला. रनिंग बॅक त्याच्या पाठीला चिकटून, ८ यार्ड. पुन्हा तेच डावीकडून, ६. पुन्हा, ११. पुन्हा, ७. अख्खं स्टेडियम उभं. त्या गार्डच्या पॅंटवर गवताचा हिरवा पट्टा मांडीपासून गुडघ्यापर्यंत, आणि तो दोन्ही हातांनी पब्लिकला आवाज वाढवायला सांगतोय. त्यांच्या डिफेन्सचे दोघं कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. बॉल त्यांच्या ४३ वर, दुसरा डाउन, ३ यार्ड हवे. त्यांचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, मी डोळ्यांनी बघितला, आठ पावलं पुढे आला होता. मागे सगळं मोकळं. त्या क्षणी बॉल द्यायचं नुसतं नाटक करून वरून टाकला असता तर तो सेफ्टी मागे वळेपर्यंत आमचा रिसीव्हर (पास झेलणारा) एंड झोनमध्ये, गुण मिळतात तिथे, असता. नाहीतर सरळ पाचव्यांदा द्या त्याच पोराला, तीनच यार्ड तर हवेत.

काय केलं? ज्या पोराने चार प्लेमध्ये ३२ यार्ड नेले त्यालाच बाहेर बोलावलं. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, सेंटरपासून चार पावलं मागे, एकटा, मागे कोणी नाही, पाच रिसीव्हर पसरलेले. म्हणजे रनची धमकी आपणच पुसून टाकली. सेफ्टी निवांत मागे गेला. त्यांच्या धापा टाकणाऱ्या दोघांनी बेधडक सरळ क्वार्टरबॅककडे धाव घेतली, कारण आता दुसरं काही होणारच नव्हतं. सॅक, ८ यार्ड मागे. तिसरा डाउन, ११ हवे. आणि आता, आता जेव्हा पासच टाकायला हवा, तेव्हा रन. मधून! दोन यार्ड. मग पंट, लाथ मारून बॉल समोरच्यांना.

मी तिथे अक्षरशः कपाळावर हात मारला. शेजारचे म्हातारे गृहस्थ खाली बसले आणि पुढचा सगळा क्वार्टर त्यांनी हात उचलला नाही.

सिग्नल चोरीला जातात, गोंगाटात प्ले पोचत नाही, ही सबबही आता चालायची नाही. २०२४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर आहे, प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरेपर्यंत कोच त्याच्या कानात बोलू शकतो. बाजूला टॅब्लेटवर प्ले परत बघता येतो. सेफ्टी पुढे आलाय हे मला ३२व्या रांगेतून दिसतं, तुम्हाला वरून, कॅमेऱ्यातून, टॅब्लेटवरून दिसत नाही?

दुसरी सबब तर संताप आणणारी. "आम्ही २५ च्या वर रन केले की जिंकतो, म्हणून रन रुजवायला हवा." अहो, उलटं आहे ते! पुढे असलेली टीम घड्याळ संपवायला रन खेळते, म्हणून जिंकलेल्या मॅचमध्ये रन जास्त दिसतात. पाऊस पडला म्हणून लोकांनी छत्र्या उघडल्या, आणि तुम्ही पाऊस पाडायला छत्र्या उघडून बसलाय. रन रुजवायचा तर तो असा रुजवा की प्रत्येक रनसारखाच दिसणारा एक पास तुमच्याकडे हवा. टेक्सासने १९६८ मध्ये विशबोन नावाची आक्रमणाची मांडणी आणली, डॅरेल रॉयल हेड कोच, आखणी एमरी बेलर्डची. पहिल्या दोन मॅचमध्ये एक बरोबरी, एक हार. मग सलग ३० विजय! पास नावालाच, पण एकाच हालचालीतून बॉल तिघांपैकी कोणाकडेही जाऊ शकायचा. रनच खेळायचा तर तसा खेळा, समोरच्याला विचार करायला लावणारा.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर "एक्झिक्यूशन (ठरलेलं मैदानावर करून दाखवणं) कमी पडलं" या वाक्याची. दर आठवड्याला तेच. एक्झिक्यूशन म्हणजे पोरं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं! आठ जणांच्या भिंतीवर सहा जणांना पाठवायचं आणि भिंत पडली नाही की पोरांवर खापर फोडायचं. त्या गार्डने काय करायचं राहिलं होतं? त्या रनिंग बॅकने? प्ले चुकीचा सांगितला, मी सांगितला, माझं चुकलं, एवढी तीन वाक्यं एका मोठ्या माणसाच्या तोंडून एकदा तरी निघू देत. मी २००९ साली इथे शिकायला आले, तेव्हापासून याच स्टेडियममध्ये बसतेय, थंडीत, पावसात, हरतानाही. मला हरण्याचं काही वाटत नाही. पोरं जीव तोडून खेळतात आणि त्यांचं खेळणं असं वाया घालवलं जातं, ते बघवत नाही.

घरी आल्यावर वही पुन्हा उघडली. ८, ६, ११, ७ नेणारा तो पोरगा. त्या ड्राइव्हनंतर अख्ख्या मॅचमध्ये त्याच्या हातात बॉल आला ३ वेळा. तिन्ही वेळा फर्स्ट डाउन, तिन्ही वेळा मधूनच.