मुलं इंग्रजीत मराठीचा स्वल्पविराम देतात

‘वाचताना जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या.’ मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा कॉमा मला एवढाच शिकवला होता. आता मी अकरावीला इंग्रजी शिकवते, आणि हेच वाक्य मुलांच्या डोक्यातून काढताना वर्षाचे पहिले दोन महिने जातात.

वह्यांमध्ये एक चूक हमखास सापडते. ‘द बुक दॅट आय बॉट यस्टरडे, इज गुड.’ कितीतरी वर्षं मी त्या कॉमाभोवती लाल गोल काढून पुढे जायचे. मग एकदा लक्षात आलं, हे तर मराठीच आहे! ‘काल मी जे पुस्तक आणलं, ते छान आहे.’ आपल्या जे-ते, जो-तोच्या वाक्यात मधे स्वल्पविराम येतो आणि तो बरोबरच असतो. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’पर्यंतचा अख्खा भाग हा कर्ता. कर्ता आणि क्रियापद यांच्यामधे एकटा कॉमा घालून त्यांना तोडता येत नाही. ‘ही सेड, दॅट’सुद्धा आपल्या ‘तो म्हणाला, की’वरून आलेलं. ‘पाऊस आला, शाळा सुटली’ मराठीत छान चालतं. इंग्रजीत तिथे ‘अँड’ तरी हवं, नाहीतर अर्धविराम.

ही मुलं निष्काळजी नाहीत हो. आपल्या भाषेची सवय त्यांनी इमानाने पाळलीय. गुण कापताना एवढं तरी त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि कॉमाने अर्थ खरोखर बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर’ यात कॉमा नसेल तर मला भाऊ एकाहून जास्त, आणि त्यातला नाशिकचा डॉक्टर. ‘ब्रदर’ आणि ‘नाशिक’ यांच्यानंतर कॉमा दिले की भाऊ एकच. नाशिकचं आपलं जाता जाता सांगितलं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. ज्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्यांची कायद्यातली यादी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नाही. मग वितरण हे वेगळं काम, की शिपमेंट किंवा वितरण यांच्यासाठी केलेलं पॅकिंग एवढंच एक काम? ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी कॉमा दिला की चूकच, असं ठणकावणाऱ्यांशी म्हणूनच माझं भांडण आहे. तो देणं न देणं ही शैली आहे. अर्थ फाटत असेल तर द्यावाच.

हल्ली मी फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य लिहिते, उजवीकडे इंग्रजी. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी स्वतःहून उठून आली, उजवीकडचा कॉमा तिने बोटाने पुसला आणि डावीकडचा तसाच ठेवला.