पाणी नितळ झालं, मग पावडर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पूर ओसरल्यानंतर विहिरीच्या पाण्यातले जंतू मारायला ब्लीचिंग पावडर टाका, असं सांगणाऱ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “मराठवाड्याला आपत्ती शिकवू नका. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 2025 ला गोदाकाठ पाण्याखाली गेला. लोकांना पत्रकं नकोत, मदत पाहिजे. आन् हिरीचं पाणी आता नितळ झालंय, पावडर कशाला? टाकायची तर ग्रामपंचायत टाकतेच.”

मदतीवरून वाद नाही. खरवडून गेलेलं रान पत्रकाने भरून येत नाही. पण पूर आला होता हे लोकांना सांगणं म्हणजे जागृती, असं तुम्ही धरून चाललात. ते कुणालाच सांगावं लागत नाही, सांगावं लागतं ते पुढच्या दोन महिन्यांचं. जुलाब-उलट्या दोन-चार दिवसांत लागतात, म्हणून त्यांचं खापर लगेच पुरावर फुटतं. कावीळ मात्र दूषित पाणी पोटात गेल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तोवर पंचनामे आटोपलेले असतात आणि घरचे म्हणतात, बाहेरचं काही खाल्लं असेल. पाणी नितळ झालं म्हणजे गाळ खाली बसला, एवढंच. उकिरड्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातून वाहून आलेले जंतू तिथेच असतात.

ग्रामपंचायत पावडर टाकते ती नळयोजनेच्या विहिरीत नि टाकीत. शेतवस्तीवरची घरं जी खासगी विहीर पितात, तिच्याकडे जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा माणूस, फिरकेलच असं नाही. म्हणून तो लेख होता.

त्यात उपशाबद्दल दोनच ओळी होत्या. ते जरा सविस्तर सांगायला हवं. पाणी उतरलं की मोटार लावून विहीर कोरडी करायची घाई होते. काळ्या रानात हे अंगाशी येतं. भोवतालची माती आणि मुरूम पाण्याने तट्ट फुगलेले असतात आणि आतलं पाणी कडेला आधार देत असतं. ते एकदम काढलं की बाहेरचा दाब कडेवर येतो, आणि बांधकाम नसलेली विहीर वरच्या मातीसकट ढासळते. आसपासच्या विहिरींची पातळी उतरायला लागू द्या. मग उपसा करा, तोही दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने.

डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. धूर वर निघत नाही, कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. गाळ काढायला माणूस उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरायचंच नाही. पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली, असंही नाही; कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, वर किमान दोघं हवेत. खालचा कोसळला तर दोराने ओढायचं, मागोमाग उतरायचं नाही. एका विहिरीत दोन-तीन जीव जातात ते असेच.

आता पावडर. टीसीएल म्हणतात ती हीच ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785, हे झाले लिटर. व्यास 6 मीटर आणि पाणी 5 मीटर असेल तर 1,41,300 लिटर. ताज्या, 33 टक्के क्लोरीनच्या पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे 350 ग्रॅम. पोतं दमट खोलीत तोंड उघडं राहिलं की तिची ताकद उतरते. 20 टक्क्यांवर आलेली पावडर याच पाण्याला 580 ग्रॅमच्या आसपास लागेल.

पावडर वरून भिरकावू नका. गोळे तळाशी जाऊन बसतात आणि वरचं पाणी तसंच राहतं. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवीतिडवी हिसडा. चुना विहिरीत टाकू नका, पाणी उगाच जड होतं.

तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन किती उरला ते पाहा. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत येणारा पिवळा रंग खरा, तो मोकळ्या क्लोरीनचा. नंतर गडद होत जाणाऱ्या रंगावर भरवसा ठेवू नका. लिटरला 0.5 मिलिग्रॅमचा रंग जुळला पाहिजे. पुराच्या विहिरीत पहिल्या मात्रेला तो बहुधा जुळत नाही, कारण कुजका पाला आणि गाळच क्लोरीन खाऊन टाकतात. मग पुन्हा मात्रा, पुन्हा टेस्ट. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, प्यायचा नाही.

पत्रकांवरचा तुमचा राग एका बाबतीत मात्र रास्त आहे. 2025 च्या खरिपात राज्यात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरणार होती. अशा वर्षी “72 तासांत नुकसान कळवा” सांगणारं जुनं पत्रक शेतकऱ्याला नुसतं पळवतं. असली पत्रकं खरोखर नकोत.

तुमच्या विहिरीचा व्यास, पाण्याची खोली आणि पावडरीच्या पोत्यावरची तारीख इथे लिहा, मात्रा काढून देतो. गाळ निघाला नसेल तर तेही लिहा, मग पावडरीचा हिशेब आत्ताच करायला नको. तोवर पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून, खळखळून उकळून घ्या.