सरवा

आज सकाळी घरच्या ग्रुपवर आत्तेभावाने एक चित्र टाकलं. शेतात वाकलेल्या तीन बायका, आणि खाली ‘शुभ सकाळ! गावाकडची शांतता’. त्याखाली सगळ्यांची फुलं आणि जोडलेले हात. माझा चहा तसाच राहिला.

शांतता? दादा, त्या बायका सरवा वेचतायत.

ते फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, १८५५-५६चं. याच विषयावरचं गाजलेलं तैलचित्र १८५७चं. गव्हाची कापणी होऊन मालकाचा माल हलला की मागे पडलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, वेचायची मुभा फ्रान्समध्ये गोरगरिबांना होती. तैलचित्रात मागे बघा, गंजी रचल्यात, गाडी भरतेय, घोड्यावर मुकादम बसलाय. पुढे या तिघींच्या हातात मूठभर ओंब्या. पॅरिसमध्ये ते लागलं तेव्हा एका समीक्षकाने त्यांना दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता म्हटलं. त्या माणसाला निदान धास्ती तरी वाटली. आपण फुलं पाठवतो.

आमची आजी सरवा वेचायला जायची. सुगी झाली की ज्वारीच्या रानात, भुईमूग निघाला की शेंगांना. मी पाच-सहा वर्षांची, पिशवी धरून मागे. उजव्या हाताने वेचायची, डावा हात पाठीवर दाबून धरलेला. या जागेवरून त्या जागेवर जायची तीसुद्धा वाकूनच. मी एकदा म्हटलं, आजी, उभी राहा की जरा. म्हणाली, ‘सरळ झालं की परत वाकवत न्हाई गं.’

मिलेच्या चित्रात नेमकं तेच आहे. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठलेली, पण ताठ उभी एकही नाही. हे काठावर उभं राहून बघणाऱ्याला सुचत नाही. मिले नॉर्मंडीतल्या ग्रूशी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, पोरवयात रानात राबलेला. त्याची काळ्या खडूतली रेखाटनं बघा. चेहरे बहुतेक सावलीत, सगळा भार पाठीच्या रेषेवर. व्हॅन गॉग चित्रं काढायला शिकला तोच मिलेच्या शेतकामांच्या नकला करत, १८८० साली. पुढे १८८५मध्ये नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी त्याने सरवा वेचणाऱ्या बायका काढल्या त्याही अशाच, पार कमरेत मोडलेल्या.

चित्र देखणं आहे, नाही कोण म्हणतंय. मिलेला स्वतःला समाजवादी म्हटलेलं आवडत नव्हतं आणि त्याची चित्रं शहरातले पैसेवालेच घ्यायचे, तेही खरं. म्हणून वाकलेल्या पाठीला शांतता म्हणायचं? कष्टाला शोभेची वस्तू करून टाकलंय आपण. चीड येते मला.

दादा, तू मुद्दाम केलं नाहीस, माहितीय मला. सुट्टीत तू यायचास तेव्हा आजी चुलीच्या आहारात शेंगा भाजायची, आठवतं? त्या कुठल्या होत्या, तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आपलं रान तोवर गेलं होतं रे. दुसऱ्यांच्या रानातून, खुरप्याने ढेकळं उकरून एकेक काढलेल्या शेंगा होत्या त्या. तू ओंजळ पुढे करायचास आणि ती उजव्या हाताने शेंगा घालायची. डावा हात तेव्हाही पाठीवरच असायचा.